अर्धउघडी झांज

पत्त्यांचा कॅट मी पेडलखाली रचायला लागलो, तेव्हा घरच्यांना वाटलं मी काम सोडून खेळतोय. खरं तर ते मोजमाप होतं.

हायहॅट म्हणजे एका दांड्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा. डाव्या पायाने पेडल दाबलं की त्या मिटतात आणि काठीचा आवाज कोरडा, तुटक येतो. पाय सोडला की तोच आवाज लांबतो. पण मला वेड लावलं ते मधल्या अवस्थेने, झांजा जेमतेम टेकलेल्या असताना उठणाऱ्या सळसळीने. डग्ग्यावर मनगट किती दाबलं यावर घुमारा बदलतो, तसाच इथे पायाचा दाब बोलतो. स्वस्तातल्या कित्येक इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटच्या पेडलला हे कळतच नाही. ते नुसतं बटण असतं, उघडं किंवा बंद. फ्लॅटमध्ये राहून, हेडफोन लावून रबरी पॅडवर रियाज करताना ही उणीव फार टोचायची, म्हणून पायाचा दाब ओळखणारा हायहॅट-कंट्रोलर घरीच बांधायला घेतला.

आधी रेडिओत असतो तसला व्हॉल्यूमचा पॉट दोरीने पेडलला जोडला. दोन महिन्यांत आतली कार्बनची पट्टी झिजली आणि आकडे उड्या मारू लागले. मग ठरवलं, घासणारा भागच नको. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत किरकोळ किमतीत मिळणारा टीसीआरटी ५००० हा सेन्सर आणला. त्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा एलईडी आणि परतलेला प्रकाश टिपणारा फोटोट्रान्झिस्टर शेजारी शेजारी असतात. पेडलच्या पोटाला पांढरा कागद चिकटवला आणि सेन्सर खाली तळपट्टीवर बसवला.

त्याची नजर मात्र आखूड, जेमतेम १५ मिलिमीटरची. पेडलचं टोक त्याहून कितीतरी जास्त हलतं, म्हणून सेन्सर टाचेकडे, बिजागरीजवळ सरकवला. दुसरी अडचण मला उशिरा उमगली. सुमारे २.५ मिलिमीटरवर परावर्तन सर्वाधिक असतं, त्याहून जवळ गेलं की उलट कमी होतं. पाय पूर्ण दाबला की झांज किंचित उघडल्यासारखी वाजायची! रबराचा ठोकळा लावून ३ मिलिमीटरची फट राखली, तेव्हा ते थांबलं. सकाळचं ऊन आत शिरून आकडे बिघडवायचं, त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा पडदा केला.

आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड सेन्सरचा व्होल्टेज ० ते १०२३ मध्ये वाचतो. १९८३ साली आलेल्या मिडी या वाद्यांच्या बोलीत एका संदेशाला ० ते १२७ एवढीच जागा. हायहॅट किती उघडी, हे बहुधा ४ क्रमांकाच्या कंट्रोलवर पाठवतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये १२७ म्हणजे बंद. पाय स्थिर असतानाही आकडा एक-दोनने थरथरतो, म्हणून फरक त्याहून मोठा झाला तरच नवा संदेश पाठवायचा.

सरळ भागाकाराने मात्र भागत नाही. अंतर वाढतं तसा प्रकाश समान पायऱ्यांनी उतरत नाही, आधी झपकन घसरतो, मग रेंगाळतो. त्यासाठीच तो कॅट. ठोकळा आणि पेडल यांच्यामध्ये पाच-पाच पत्ते वाढवत गेलो आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहिला. असे अकरा आकडे प्रोग्रॅममध्ये घातले, मधले त्यालाच काढायला लावले.

मग पत्ते काढले, काठी घेतली, आठव्या मात्रेवर पाय केसभर उचलला. हेडफोनमध्ये सळसळ आली, आणि पाय टेकताच जागच्या जागी मिटली.