दुखणं रक्ताचं, फटका मेंदूला

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘पोराचा एसएस पॅटर्न निघाला’ असं सांगणारे आईबाप कोरचीपासून राजुऱ्यापर्यंत भेटतात. सांधे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, रक्त चढवावं लागतं, हे सगळं त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. पण याच आजारात मुलाच्या मेंदूलाही इजा होते, आणि तीही अनेकदा एकही लक्षण न दाखवता, याची चर्चा ना दवाखान्यात फारशी होते, ना शाळेत.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन आलं की ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. त्यामुळे अंगात रक्त कायमच कमी. हा जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तर एसएस. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो म्हणूनच.

आता मेंदूचं. पाच वर्षांच्या मुलाच्या शरीरात जी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली ४० टक्क्यांहून जास्त एकटा मेंदू घेतो. रक्तातच ऑक्सिजन कमी असला की शरीर मेंदूकडे जास्त रक्त पाठवून ती तूट भरून काढतं. एसएस मुलांच्या बाबतीत ही धावपळ रोजचीच. मग ताप आला, छातीत कफ भरला किंवा पोटात पाणी कमी गेलं की आणखी रक्त पाठवायला वावच राहत नाही. अशा वेळी पहिला मार बसतो तो कपाळामागच्या खोल भागातल्या पांढऱ्या द्रव्याला. दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दी जिथे संपतात, तिथला हा भाग. आसोलामेंढ्याच्या नहराच्या शेवटच्या टोकाला असलेल्या धानाच्या बांधीची टंचाईत जी गत होते, तीच त्याची.

एमआरआयमध्ये तिथे बारीक डाग दिसतात. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून घरी कुणाला पत्ता लागत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांत एसएस मुलांपैकी २७ टक्क्यांना सहाव्या वर्षाच्या आत आणि ३७ टक्क्यांना चौदाव्या वर्षापर्यंत असे डाग आढळले. वर्गात त्याचा परिणाम कसा दिसतो? फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत गुरुजी पुढच्या गणितावर गेलेले असतात. बेरीज येते, पण हातचा विसरतो. तीन कामं एकदम सांगितली तर पोर पहिलं करून उभं राहतं. डाग नसलेल्या मुलांमध्येही निव्वळ रक्तक्षयाने विचारांचा वेग मंदावतो, आणि वय वाढतं तसं हे अंतरही वाढत जातं. अशा मुलाला ‘आळशी’ म्हणणं हा त्याच्यावर उघड अन्याय आहे.

मात्र ही पीछेहाट मोजताना काळजी घ्यायला हवी. घरी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची चाचणी मराठीतून घेतली, तर आजाराच्या खात्यावर भाषेचं ओझंही चढेल. चाचण्या त्यांच्या भाषेत घडवाव्या लागतील. ते काम कष्टाचं आहे, पण टाळण्यासारखं नाही.

मोठा झटका येण्याआधी धोका ओळखता येतो, ही यातली खरी दिलासा देणारी गोष्ट. डोक्याची डॉपलर सोनोग्राफी करतात. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं. तिथे जेल लावून प्रोब टेकवला की मेंदूच्या मुख्य धमनीतल्या रक्ताचा वेग कळतो. मूल जागं आणि शांत हवं, कारण झोपेत वेग बदलतो. सुई नाही, दुखणं नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर धोका मोठा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा १३० मुलांपैकी ज्यांना नियमित रक्त दिलं, त्यांच्यातला पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटला. महिन्या-महिन्याला रक्त मिळणं भामरागड-एटापल्लीत सोपं नाही. पण हायड्रॉक्सीयुरियाची गोळी स्वस्त आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी विदर्भातल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात तिच्या कमी, ठरावीक मात्रेनेही वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज कमी झाली. भारतातला सिकलसेल ‘सौम्य’ असतो, या जुन्या समजुतीवर विसंबून उपचार लांबवायला म्हणूनच मुळीच आधार नाही.

लांबवण्याची किंमत किती असते, हे एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलांनी जगाला दाखवलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणांची वाट न पाहता तान्हेपणीच औषध सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. पुढे त्यांची बौद्धिक वाढही उशिरा औषध मिळालेल्यांपेक्षा चांगली आढळली. वाढत्या मेंदूचे पहिले महिने परत मिळत नाहीत, म्हणून सिकलसेलही जन्मतःच शोधायला हवा.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. एसएस कार्ड असलेल्या प्रत्येक मुलाची दोन ते सोळा वर्षांच्या काळात दरवर्षी डॉपलर तपासणी दोन्ही जिल्हा मुख्यालयांत व्हायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा शाळेतल्या सवलती ही मेहेरबानी नव्हे.

आणि आश्रमशाळांसाठी एक गोष्ट तर आजच करता येईल. या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. मुलाला वारंवार लघवीला जावं लागतं, रात्री अंथरूण ओलं होतं, तहानही जास्त लागते. मार्चपासून चंद्रपूरचं ऊन तापतं, त्याच सुमारास मोहफुलं वेचायला पोरं पहाटे रानात जातात. तेव्हा तर पाण्याची तूट थेट मेंदूवर येऊ शकते. बाकावर पाण्याची बाटली ठेवू द्यावी, तास चालू असताना बाहेर सोडावं, आणि ओल्या अंथरुणावरून कुणी ओरडू नये. याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय. मुख्याध्यापकांनी शिक्षकांना आणि अधीक्षकांना तसं सांगितलं की झालं.