दप्तरखान्याचे दार उघडणारा इतिहासकार

डरहॅम (नॉर्थ कॅरोलिना) : अमेरिकेत वंशभेदावरून वाद पेटला की दोन्ही बाजू इतिहासाचे दाखले देऊ लागतात. त्या इतिहासात कृष्णवर्णीयांना त्यांची हक्काची जागा ज्यांनी मिळवून दिली, त्यांत जॉन होप फ्रँकलिन यांचे नाव फार वरचे आहे. १९८२ मध्ये ते इथल्या ड्यूक विद्यापीठात आले आणि २००९ मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्म १९१५चा, ओक्लाहोमातल्या रेंटीजव्हिलचा. वडील वकील. १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने टल्सा शहरातली ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली. त्या आगीनंतर वडिलांनी तंबूत बसून वकिली केली. मुलगा फिस्क विद्यापीठातून पदवी घेऊन हार्वर्डला गेला आणि १९४१ मध्ये पीएच.डी. झाला.

प्रबंधाचा विषय होता नॉर्थ कॅरोलिनातले गुलामीबाहेरचे, स्वतंत्र कृष्णवर्णीय. त्यासाठी १९३९ मध्ये ते रॅली शहरातल्या सरकारी दप्तरखान्यात गेले. कृष्णवर्णीय अभ्यासकाची तिथे सोयच नव्हती. काही दिवस थांबवून त्यांना वेगळी खोली दिली गेली. गोऱ्या नोकरांना त्यांची कामे करावी लागू नयेत म्हणून कागदपत्रांच्या कोठाराची किल्लीही त्यांच्याच हाती देण्यात आली. फ्रँकलिन स्वतः गाडा ढकलत दस्तऐवज आणू लागले. दोनच आठवड्यांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली : किल्ली आम्हालाही हवी, हा भेदभाव आहे! किल्ली परत घेतली गेली आणि त्याच नोकरांना फ्रँकलिन यांना कागद आणून द्यावे लागले. वंशभेदाची व्यवस्था किती खर्चिक आणि किती विसंगत होती, हे या एका प्रसंगावरून कळते.

१९४७ मध्ये त्यांचा ‘फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम’ हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचा ग्रंथ आला. पुढे शाळांमधल्या वंशभेदाविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्यात थर्गुड मार्शल यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या वकिलांना त्यांनी ऐतिहासिक पुरावे जुळवून दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भेद घटनाबाह्य ठरवला.

१९५६ मध्ये ब्रुकलिन कॉलेजने त्यांना इतिहास विभागाचे प्रमुख केले. बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली, मात्र कॉलेजजवळ घर घेताना दलालांनी आणि बँकांनी त्यांना दाद दिली नाही. अमेरिकेत मान आणि शेजार या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नंतर ते शिकागो विद्यापीठात गेले आणि १९७९ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक स्वीकारण्याच्या आदल्या संध्याकाळी वॉशिंग्टनच्या एका क्लबात एका गोऱ्या बाईने त्यांना नोकर समजून आपला कोट आणायला सांगितले. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

त्यांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या त्यांच्यामागेही निघत राहिल्या. या देशातला वंशाचा प्रश्न ज्यांना मुळातून समजून घ्यायचा आहे, त्यांनी सुरुवात याच पुस्तकापासून करावी.