फोर्कलिफ्टची मागची बाजू



पाचोड परिसरातली किती पोरं वाळूज, चितेगाव, शेंद्र्याला कामाला जातात, हे आपल्या बैठकीत बसलं तरी कळतं. बरीचशी ठेकेदाराकडून, गोदामात हेल्पर म्हणून. आमच्या गटातल्या एका मावशींचा मुलगाही तसाच गेला होता. फोर्कलिफ्टखाली त्याचा पाय चेंगरला. तेव्हापासून हे यंत्र आहे तरी कसं, ते आम्ही जाणत्यांना विचारून समजून घेतलं.

पुढं दोन लोखंडी पाती असतात, त्यांवर माल उचलतात. तो तोलायला मागं मोठं वजन बसवलेलं असतं, म्हणून तीन टन उचलणारं यंत्र स्वतःच चार टनांच्या आसपास भरतं. आपला ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो, हे मागच्या. त्यामुळं वळताना त्याची पाठ झपकन बाहेर फिरते. माणूस पात्यांपासून जपतो आणि मागून चेंगरतो. भिंत आणि यंत्र यांच्या मधे उभं राहू नको, उचललेल्या मालाखालून जाऊ नको, पात्यांवर चढू नको, हे पोराला बजावून सांगा. पुढचा माल उंच असला की ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. तेव्हा त्यानं मागं बघत रिव्हर्सनं चालवायचं असतं. आणि शिकलेला नसेल त्यानं, कुणी 'गाडी जरा बाजूला घे' म्हटलं तरी, किल्लीला हात लावू नये. मावशींच्या मुलाच्या वेळी चालवणारा असाच दुसरा हेल्पर होता.

दवाखान्यात ठेकेदाराच्या माणसानं 'घरी पडला' असं सांगितलं. मावशी गप्प बसल्या. तो खर्च करतोय, कशाला वाकडं बोला! त्या एका ओळीनं पुढचं सगळं अडलं. म्हणून केसपेपरवर 'कामावर, फोर्कलिफ्टनं' असंच लिहून घ्या, तारीख-वेळेसकट, आणि फोटो काढून ठेवा. सोबत कोण होतं, त्यांची नावंही.

ईएसआय लागू असेल तर कामावरच्या अपघाताला किती दिवस भरले हे बघत नाहीत. पहिल्या दिवसापासून हक्क असतो. उपचार मोफत, आणि कामावर जाता येत नाही तोवर सरासरी मजुरीच्या ९० टक्के पैसे. ईएसआय नसेल तर भरपाई मालकानं द्यायची, हा नियम १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. ठेकेदारानं हात वर केले, तर ज्या कंपनीच्या जागेत तिचंच काम चालू होतं, तिच्याकडेही मागता येते.

मावशींच्या मुलाच्या सोबतची दोन पोरं आता साक्ष द्यायला तयार झालीत. पुढच्या बैठकीला येताना तुम्ही आपापल्या पोरांची पगाराची चिठ्ठी घेऊन या. तिच्यावर ईएसआयचा नंबर आहे का, ते मिळून बघू.