कॉसमॉस बँक सायबर हल्ला

कॉसमॉस बँक सायबर हल्ला हा पुणे येथील कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक प्रणालीवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला होय. त्यात बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बँकेची स्थापना १९०६ साली झाली आहे.

एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैशांची मागणी 'स्विच' नावाच्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मध्यवर्ती प्रणालीकडे जाते. तेथे शिल्लक तपासून होकार किंवा नकार परत येतो. हल्लेखोरांनी घातक सॉफ्टवेअर घुसवून या मार्गात बनावट स्विच उभा केला. मागणी मध्यवर्ती प्रणालीपर्यंत पोहोचेनाशी झाली आणि बनावट स्विचच होकार देऊ लागला. ११ ऑगस्ट रोजी नकली कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून काही तासांत रोकड काढली गेली. भारतातील काढणीत कोल्हापूरचाही समावेश होता. १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय प्रणालीद्वारे सुमारे १३.९ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आले.

खातेदारांच्या शिल्लकीला धक्का लागला नाही, कारण खाती तपासलीच जात नव्हती. खातेदाराने पिन कितीही जपला असता, तरी हा हल्ला टळला नसता.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.