पडद्यामागची जागल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला, की शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. म्हणून माणूस घोंगडी घेऊन मचाणावर बसतो, टिनाचा डबा वाजवतो, बॅटरीचा उजेड फिरवतो. यालाच आपण जागल म्हणतो. सकाळी पीक शाबूत दिसले तर जागल करणाऱ्याची कोणी आठवण काढत नाही. पीक गेले तर मात्र पहिला बोल त्यालाच लागतो.

आज घरोघरी मोबाईल आहे. रोजमजुरीला जाणाऱ्या आईच्या कमरेला आहे आणि दहावीतल्या पोराच्या हातातही आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप ही नावे आता लहान मुलांनाही पाठ आहेत. या शेतातही रानडुकरे शिरतात, आणि तिथेही कोणीतरी जागल करीत असतो. तो कोण, कसा काम करतो आणि आपल्या वस्तीशी त्याचा काय संबंध, हे आज वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर फायली आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका, असा आमचा क्रम. या विषयाकडे आम्ही वळलो ते एका रात्रीच्या प्रसंगामुळे. जयंतीला दोन दिवस राहिले होते. पताका लागल्या होत्या, वर्गणीचा हिशेब चालू होता. रात्री साडेनऊच्या सुमारास एका पोराच्या मोबाईलवर बाबासाहेबांची विटंबना करणारे एक चित्र आले. खाली जातीवाचक शिवी होती आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचे नाव होते. दहा मिनिटांत चाळीस पोरे चौकात जमली. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात दगड. आम्ही हात जोडून विनवीत होतो, पण आमचे ऐकतो कोण?

तेवढ्यात कोपऱ्यावर भाजी विकणारी आमची म्हातारी मावशी पुढे आली. तिने त्या पोरालाच विचारले, "हे चित्र कोनं बनवलं, हे तुले ठाव हाय का रे बाप्पा? ज्याचं नाव लिवलं, त्यानंच बनवलं, हे तू डोयानं पाह्यलं का?" पोरगा गप्प झाला. कोणीच पाहिले नव्हते. मग दोघेतिघे जाणते लोक त्या मोहल्ल्यात गेले. तो मुलगा भीतीने घरात दडून बसला होता. त्याच्या नावाने कोणीतरी खोटे खाते काढले होते. आम्ही सर्वजण मिळून ठाण्यात गेलो, तक्रार नोंदवली. जयंती शांततेत पार पडली.

चित्र मूळ एका सार्वजनिक पानावर टाकलेले होते. आम्ही त्या कंपनीकडे मोबाईलवरूनच तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "नियमांचा भंग आढळला नाही." आम्ही पुन्हा तक्रार केली. त्या शिवीचा अर्थ काय आणि ती कोणाला उद्देशून देतात, हे सोप्या भाषेत लिहून कळवले. चौथ्या दिवशी चित्र निघाले. तेव्हा मनात आले, पहिले उत्तर देणारा कोण होता? त्याला मराठी येत होते काय? आणि दुसऱ्यांदा ज्याने समजून घेतले, तो कोण?

मग आम्ही माहिती गोळा करू लागलो. मोठ्या कंपन्यांत हे काम तीन पायऱ्यांवर चालते. पहिली पायरी यंत्राची. लहान मुलांच्या लैंगिक छळाची जी चित्रे एकदा ओळखली गेली, त्यांचा जणू अंगठ्याचा ठसा संगणकात ठेवतात. तेच चित्र पुन्हा कोणी टाकले की ठसा जुळतो आणि ते अडवले जाते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००९ साली असे तंत्र तयार केले. दुसरी पायरी तुमच्याआमच्या तक्रारीची. तिसरी पायरी माणसाची. यंत्राला न उमगलेले आणि लोकांनी तक्रार केलेले, असे सारे त्याच्यापुढे येते. ठेवायचे की काढायचे, हा निर्णय त्याने काही क्षणांत द्यायचा असतो.

हा माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतो. तो कंत्राटदाराकडे असतो, हैदराबाद, मनिला, नैरोबी अशा शहरांत. २०१९ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने हैदराबादच्या कामगारांची हकीगत छापली. आठ तासांच्या पाळीत दोन हजारांपर्यंत नोंदी तपासाव्या लागतात, पगार अपुरा आहे आणि मनावर ताण येतो, असे काहींनी सांगितले. कंत्राटदाराने हे म्हणणे मान्य केले नाही. परंतु विचार करा. गळा कापल्याची, आत्महत्येची, लेकरांच्या छळाची चित्रे ज्याला रोज पाहावी लागतात, त्याला रात्री झोप कशी लागत असेल? अमेरिकेत अशा कामगारांनी फेसबुकवर दावा लावला. २०२० साली कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे कबूल करून तो मिटवला. मनावर घाव झालेल्यांच्या उपचारासाठी तो पैसा होता.

दुसऱ्यांची घाण उपसायची, गावाने स्वच्छ अंगणात बसायचे, आणि घाण उपसणाऱ्याचे नावही कोणी घ्यायचे नाही, ही रीत आपल्या लोकांना नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी गावाची वेस राखली, मेलेली ढोरे ओढली. पडद्यामागच्या या कामगाराची जात कोणी विचारीत नसेल. त्याच्या कष्टाची किंमत मात्र तशीच झाकून ठेवली जाते. म्हणून त्याला योग्य पगार, विश्रांती आणि उपचार मिळावेत, ही मागणी आपली वाटली पाहिजे.

जागल नसली तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागाचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा खोटा मजकूर त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होता. बाजारात संशयाचा ओरडा झाला आणि जमावाने पाचही जणांना ठार मारले. पोटासाठी फिरणारी, गावकुसाबाहेरची गरीब माणसे ती. त्याच रात्री मालेगावातही अशाच अफवेवरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. तिथे पोलिसांनी त्यांचे प्राण वाचवले.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात तयार झाली होती. मुलांना जपा, हे पालकांना सांगण्यासाठी ती बनवली होती. शेवटी मूल परत आणून देतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग आपल्याकडचाच प्रकार म्हणून पसरवला. सावध करण्यासाठी केलेली गोष्ट माणसे मारायला कारण झाली.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलै महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेबाबत निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमावा, असे सांगितले. व्हॉट्सॲप कंपनीनेही पुढे आलेल्या संदेशावर तशी खूण दाखवणे सुरू केले आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हॉट्सॲपवरचा संदेश कुलूपबंद असतो, कंपनीला तो वाचता येत नाही. तिथला जागल्या धुऱ्यावर उभा असतो, त्याला वावराच्या आत दिसत नाही. आपण तक्रार केली तरच त्याला कळते.

कंपन्या हे काम मनापासून करतात काय? सगळीकडे सारखे करतात, असे म्हणवत नाही. म्यानमार हा बौद्धबहुल देश. तिथे फेसबुकवरून रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध विष पसरवले गेले आणि त्यात चीवर ल्यालेले काही जणही होते, हे आपण मान खाली घालून कबूल केले पाहिजे. २०१५ च्या सुरुवातीला तिथली भाषा जाणणारे दोनच तपासनीस कंपनीकडे होते, असे पुढे उघड झाले. हिंसा रोखण्यात आपण कमी पडलो, असे २०१८ साली कंपनीनेच मान्य केले. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आणले. खोटी माहिती ओळखण्यासाठी लागणाऱ्या वेळाच्या तरतुदीतला ८७ टक्के भाग एकट्या अमेरिकेसाठी होता, असे त्यातून छापून आले. हा आकडा अपुरा आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. पण गरिबाच्या वावराला जागल्या कमी, हे आपल्या अनुभवाशी जुळते.

जातीच्या शिवीचेही तसेच. फेसबुकच्या नियमांत जात हा शब्द आहे. जातीवरून कोणावर हल्ला करू नये, असे तिथे लिहिलेले आहे. पण नियम कागदावर असणे वेगळे आणि शिवी ओळखणे वेगळे. अमेरिकेतील दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांच्या इक्वालिटी लॅब्स या संस्थेने २०१९ साली अहवाल काढला. तक्रार करूनही जातिद्वेषाचा पुष्कळ मजकूर तसाच राहतो, असे त्यात दाखवले. संविधानाने दिलेली समता कागदावरून गावात यायला किती झगडावे लागले, हे आपण जाणतो. इथेही झगडावेच लागेल. ज्याला वऱ्हाडी बोली कळते, ज्याने ती शिवी ऐकली आहे, असा आपला शिकलेला मुलगा वा मुलगी या कामावर बसली, तर पहिल्याच तक्रारीत निकाल लागेल. आपल्या पदवीधर मुलांनी या क्षेत्राकडेही पाहावे. मात्र जाताना पगार, पाळी आणि मानसिक उपचाराची सोय विचारूनच जावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखणीच्या नावाखाली तोंड दाबले जाऊ नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील साध्या मतासाठी अटक झाली होती. एकीने लिहिले होते आणि दुसरीने ते पसंत केले होते, एवढाच गुन्हा. ज्या कलमाचा त्यात आधार घेतला, ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. टीका करणे हा आपला हक्क आहे. माणसाच्या जीवावर उठणे, बाईची अब्रू उघड्यावर मांडणे आणि जातीवरून हिणवणे हा हक्क नव्हे. ही रेघ ओळखणे हेच या कामातले खरे कसब.

आता घरातील मंडळींनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

१. मजकूर वाईट वाटला तर आधी त्याचे चित्र काढून ठेवावे. पत्ता, तारीख, वेळ वहीत लिहावी. चिडून तोच मजकूर दहा ठिकाणी पाठवू नये. त्याने शिवी देणाऱ्याचेच काम होते. लहान मुलांची अश्लील चित्रे मात्र जवळ ठेवू नयेत, पुढेही पाठवू नयेत. लगेच पोलिसांना कळवावे.

२. तिथल्या तिथे कंपनीकडे तक्रार करावी. २०२१ च्या नियमांनुसार कंपनीने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे आणि तक्रारीची पोच २४ तासांत दिली पाहिजे. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे जाता येते. या समित्या २०२३ च्या जानेवारीत नेमल्या गेल्या.

३. मुलीबाळींचे खाजगी चित्र कोणी टाकले, तर मुलीला रागावू नये. तिचा मोबाईल हिसकावू नये, शाळा बंद करू नये. गुन्हा तिचा नाही. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर आणि ठाण्यात, दोन्हीकडे तक्रार करावी. पैशांची फसवणूक असेल तर १९३० क्रमांकावर ताबडतोब फोन लावावा. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे.

४. जातिवाचक शिवी असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. इंटरनेटवर टाकलेला अपमानही लोकांसमोर केलेला अपमानच ठरतो, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले आहे.

५. अनोळखी भटका, भिक्षेकरी, वेडसर माणूस गावात दिसला तर आधी पोलीस पाटलाला बोलवावे. हात उगारू नये.

त्या रात्री आमच्या चौकात कंपनीचा कोणी माणूस नव्हता. यंत्र नव्हते, पोलीसही यायचे होते. एक न शिकलेली मावशी होती आणि तिचा एक प्रश्न होता. ज्याचे नाव त्या चित्राखाली होते, तो मुलगा आता आमच्या अभ्यासिकेत येतो. मागच्या पावसाळ्यात त्याने आमच्या पोरांना खोटे खाते कसे ओळखावे, हे शिकवले. मावशी दारात टोपली ठेवून ऐकत बसली होती. शेवटी म्हणाली, "मले मोबाईल चालवता येत नाही, पन विचारता येते."

वाचकहो, एवढे तरी आपल्या सर्वांना येते. पुढचा संदेश पाठवण्याआधी तो प्रश्न विचारा.