एकवीस रुपये आणि साठ रुपये

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांची व्याख्यानं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना दोन रकमा ठाऊक असतात. एक २१ रुपयांची, दुसरी महिना ६० रुपयांची. या आठवणी त्यांनी स्वतःच असंख्य व्यासपीठांवरून सांगितल्या आहेत. सभागृह पहिली ऐकून हळहळतं आणि दुसरीला टाळ्या देतं. मला मात्र या दोन रकमा शेजारी शेजारी मांडून पाहाव्याशा वाटतात. कारण शिष्यवृत्ती माणसाला कुठून पुढे नेते आणि कुठपर्यंत त्याच्याकडे फिरकतही नाही, याचा हिशेब त्या दोहोंच्या मध्ये दडलेला आहे.

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३चा, गोव्यातल्या माशेल गावचा. वडील गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा. आई अंजनीताई त्याला घेऊन मुंबईत गिरगावात राहिल्या आणि मिळेल ते काम करून घर चालवू लागल्या. एकदा कामासाठी दिवसभर रांगेत उभ्या राहिल्या, आणि पुरेसं शिक्षण नाही म्हणून रिकाम्या हाती परत आल्या. आपल्यावर आली ती पाळी मुलावर येऊ द्यायची नाही, हे त्या दिवशी त्यांनी ठरवलं. बाराव्या वर्षापर्यंत मुलाच्या पायात चप्पल नव्हती. अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली.

खेतवाडीतल्या महापालिकेच्या शाळेतलं शिक्षण संपलं आणि माध्यमिक शाळेत नाव घालायची वेळ आली. प्रवेशासाठी २१ रुपये हवे होते. ते जमवायला अंजनीताईंना २१ दिवस लागले. शेवटी ते पैसे दिले ते चौपाटीजवळ घरकाम करणाऱ्या एका बाईने, आपल्या साठवणीतून. तोपर्यंत नावाजलेल्या शाळांचे प्रवेश बंद झाले होते. जागा होती ती युनियन हायस्कूलमध्ये. गरिबांच्या मुलांची शाळा, नाव फारसं कुणाला माहीत नसलेली. म्हणजे ज्या शाळेने या मुलाला घडवलं, तिथे तो केवळ उशीर झाला म्हणून पोहोचला!

त्या शाळेचे मुख्याध्यापक भावे सर पदार्थविज्ञान शिकवत. साबण कसा तयार होतो हे दाखवायला ते मुलांना थेट कारखान्यात घेऊन जात. एका दुपारी त्यांनी वर्ग उन्हात नेला. हातात बहिर्वक्र भिंग, खाली कागद. भिंग वरखाली करत त्यांनी कागदावरचा ठिपका लखलखीत होईपर्यंत आणला, भिंगापासून कागदापर्यंतचं नाभीय अंतर दाखवलं आणि कागद पेटेपर्यंत हात हलू दिला नाही. मग या मुलाकडे वळून म्हणाले, तुझी शक्ती अशी एका जागी आणलीस तर तूही काहीही जाळू शकशील. शब्द थोडे इकडचे तिकडचे असतील, आशय हाच. आपण शास्त्रज्ञ व्हायचं हे त्या उन्हात ठरलं, असं माशेलकर सांगतात.

या प्रसंगाचं आपण सुविचारात रूपांतर करून टाकलं आहे. त्यातली शिकवण्याची रीत मला जास्त मोलाची वाटते. प्रयोगशाळा जेमतेम, तर ऊन फुकटचं आहे ते वापरा. विषय मराठीतून. आणि चाळीस-पन्नास पोरांमधल्या एकाला नावाने हाक मारून सांगितलेली गोष्ट. शाळेने आधार दिला म्हणजे काय केलं, असं कुणी विचारलं तर मी यापलीकडे फार काही सांगणार नाही.

१९६०मध्ये हा मुलगा शालान्त परीक्षेत राज्याच्या गुणवत्ता यादीत अकरावा आला. आनंदाच्या बातमीपाठोपाठ अडचण उभी राहिली: आता पुढे? शिक्षण सोडून नोकरी धरावी, असा विचार घरात पक्का होत आला होता. त्या वेळी सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, महिना ६० रुपये. १९३२ साली स्थापन झालेला हा ट्रस्ट. त्याआधी चाळीस वर्षं, १८९२ साली, जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी निधी उभा केला होता. तो मात्र कर्जाऊ. या मुलाला मिळाले ते पैसे फेडायचे नव्हते. त्यांचं खरं मोल त्यांच्या नियमितपणात होतं. महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम असली की आई मुलाला नोकरी बघ असं म्हणत नाही.

त्या आधारावर जयहिंद कॉलेज झालं, मग माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान विभाग. १९६६मध्ये रसायन अभियांत्रिकीची पदवी, १९६९मध्ये पीएच.डी. मार्गदर्शक होते प्रा. मनमोहन शर्मा. केंब्रिजहून परतून सत्ताविसाव्या वर्षीच प्राध्यापक झालेले हे गृहस्थ. भावे सरांनंतरचं दुसरं भिंग म्हणायला हरकत नाही. पुढचं सर्वश्रुत आहे. इंग्लंडात सॅलफर्डला अध्यापन, १९७६मध्ये परत येऊन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू, १९८९पासून तिचे संचालक, १९९५ ते २००६ वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिलं गेलेलं पेटंट १९९७मध्ये रद्द झालं, ते त्यांच्या काळात. १९९८मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, २०१४मध्ये पद्मविभूषण. आणि ज्या टाटांच्या पैशावर शिकले, त्यांच्याच टाटा मोटर्सच्या संचालक मंडळावर ते २००७मध्ये गेले.

इथे गोष्ट छान जुळून येते, आणि म्हणूनच मला तिच्याबद्दल थोडी शंका येते. ६० रुपये आले ते यादीत अकरावा क्रमांक लागल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं या मुलाला कुणी सांभाळलं? आईने, भावे सरांनी आणि एका मोलकरणीने. ट्रस्टचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. त्या बाईचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. शिष्यवृत्ती गुणवत्ता ओळखते, पण ती दिसू लागल्यावर. दिसण्याआधी जे २१ रुपये लागतात, ते आपल्याकडे पूर्वापार गरिबानेच गरिबाला दिलेले आहेत. सहाव्या दिवशी पैसे जमले असते तर मुलगा कदाचित चांगल्या शाळेत गेला असता. तिसाव्या दिवशीही जमले नसते तर कुठल्याच नाही.

ही पोकळी थोडीफार भरणारी एक सरकारी योजना आज आहे. आठवीतल्या मुलांसाठीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, शिक्षकांच्या बोलण्यातली ‘एनएमएमएस’. २००८मध्ये सुरू झाली. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाने परीक्षा देऊन निवडयादीत जागा मिळवली, की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. म्हणजे महिन्याला हजार. बोर्डाचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी.

परीक्षा साधारण डिसेंबरात होते आणि अर्ज शाळेमार्फतच भरावा लागतो. तुमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंचं मूल आठवीत असेल, तर अर्ज भरला का, एवढं या दिवाळीत त्यांना विचाराच. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसील कार्यालयात जावं लागेल. त्या दिवसाचा खाडा धरू नका.