शालेय संशोधन-निबंधाची शब्दमर्यादा

विद्यार्थ्याला संशोधनपर निबंध लिहावयास सांगताना विषयाच्या खालोखाल लांबीची सूचना दिली जाते. 'किमान दहा पाने' ही तिची सर्वांत परिचित रीत होय. वरवर पाहता ही केवळ सोयीची बाब वाटते; परंतु संशोधन म्हणजे काय, याची विद्यार्थ्याच्या मनातील पहिली कल्पना पुष्कळ अंशी या एका आकड्यानेच घडते. म्हणून हा आकडा कोणत्या तत्त्वावर ठरवावा, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

प्रथम किमान मर्यादा आणि कमाल मर्यादा यांतील भेद लक्षात घ्यावयास हवा. किमान मर्यादा घातली की विद्यार्थी पाने भरू लागतो. स्वतःजवळचे सांगण्यासारखे चौथ्या पानावर संपले, तरी सहा पाने शिल्लक उरतात. ती तयार प्रकल्पपुस्तिकेतून, आंतरजालावरून किंवा आता यंत्राकडून लिहवून घेतलेल्या मजकुराने भरली जातात. कमाल मर्यादेचा परिणाम याच्या उलट होतो. जमविलेल्या सामग्रीतून काय ठेवावे आणि काय गाळावे, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागते, आणि निवड हेच संशोधनाचे पहिले शिक्षण आहे. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या अभ्यासक्रमात शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत लिहावयाच्या विस्तृत निबंधासाठी अशीच कमाल मर्यादा आहे. ती ४,००० शब्दांची असून त्या कामासाठी सुमारे ४० तास आणि एक मार्गदर्शक शिक्षक गृहीत धरलेला असतो. सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी इतकी तयारी करून जेथे ४,००० शब्दांवर थांबण्यास सांगितले जाते, तेथे नववीच्या विद्यार्थ्याकडून दिवाळीच्या सुटीत ३,००० शब्दांची अपेक्षा करणे प्रमाणाला सोडून आहे, हे सहज ध्यानात येईल.

दुसरा प्रश्न मापाच्या एककाचा. पान हे माप विश्वसनीय नव्हे. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर आणि चिकटविलेली चित्रे यांमुळे एकाचे पान दुसऱ्याच्या पानाच्या निम्मे भरते. शब्दसंख्या हे माप त्याहून बरे. मात्र ते सर्व भाषांत सारखे नसते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिण्याचा प्रघात आहे. 'घरासमोर' हा मराठीत एक शब्द होतो. हिंदीत 'घर के सामने' असे तीन शब्द होतात, आणि इंग्रजीत हाच आशय सांगण्यास सामान्यतः पाच शब्द लागतात. 'नदीकाठच्या गावांमध्ये' या दोन शब्दांसाठी इंग्रजीत सात शब्द खर्ची पडतात. प्रत्येक वाक्यात हे अंतर इतके मोठे नसते. तथापि एकंदरीने तोच आशय मराठीत कमी शब्दांत बसतो. यास्तव इंग्रजी पुस्तकातील किमान शब्दसंख्या जशीच्या तशी मराठी माध्यमाच्या वर्गात आणली, तर मराठीत लिहिणाऱ्या मुलावर अधिक आशयाचा भार पडतो. आणि तो आशय त्याच्यापाशी नसल्यास पुनरुक्तीचा आश्रय घेण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, लांबी प्रश्नावरून ठरावी. एक उदाहरण घेऊ. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान वजन-मापे स्वीकारली गेली. त्यापूर्वी धान्य मापण्यासाठी चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली हे शब्द नित्याच्या वापरात होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली, अशी ही चढण प्रदेशपरत्वे थोडीफार बदलत असे. 'यांपैकी कोणते शब्द आज आपल्या आळीतील दहा घरांत ठाऊक आहेत?' हा प्रश्न आठवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. प्रश्न मांडण्यास ५० शब्द, कोणाला व कसे विचारले हे सांगण्यास १००, आढळलेल्या गोष्टींस ३०० आणि अनुमानास १५० शब्द पुरतात. एकूण ६०० शब्द झाले. हाच विषय 'भारतातील मापनपद्धतींचा इतिहास' असा दिला असता, तर ६,००० शब्दही अपुरे पडले असते आणि त्यांतील एकही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निरीक्षणातून आला नसता.

या दृष्टीने मराठी माध्यमासाठी पुढील कमाल मर्यादा सुचविता येतात. सहावी-सातवीत ४०० शब्द. येथे एक प्रश्न आणि एकच साधन, म्हणजे एक मुलाखत किंवा एक निरीक्षण, पुरेसे आहे. आठवीत ६०० शब्द. नववी-दहावीत १,००० शब्द. येथे दोन-तीन साधनांची परस्परांशी तुलना अपेक्षित असावी. अकरावी-बारावीत २,००० शब्द; या टप्प्यावर विरोधी पुराव्याची दखल घेणे आणि आधार नोंदविणे यांचाही समावेश व्हावा. आधारांची यादी, कोष्टके आणि विचारलेले प्रश्न या मोजणीतून वगळावेत. अन्यथा शब्द वाचविण्यासाठी विद्यार्थी प्रथम आधारच गाळील. किमान मर्यादेऐवजी कोणते घटक असलेच पाहिजेत, हे सांगावे.

अखेरीस शिक्षकाचाही विचार व्हावयास हवा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकी ३,००० शब्द म्हणजे १,८०,००० शब्दांचे वाचन होय. इतके वाचन एका शिक्षकाकडून बारकाईने होणे शक्य नाही. मग पाने मोजून व सजावट पाहून गुण दिले जातात, आणि आपले लिहिलेले कोणी वाचत नाही, ही गोष्ट मुलांच्या फार लवकर लक्षात येते. त्याच वर्गाने प्रत्येकी ६०० शब्द लिहिले, तर एकूण ३६,००० शब्द होतात. ते वाचता येतात, त्यांवर शेरा लिहिता येतो, आणि विद्यार्थ्याकडून एकदा पुनर्लेखनही करून घेता येते.

तात्पर्य, शालेय संशोधन-निबंधाची योग्य लांबी म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः शोधलेले सांगण्यास पुरेल आणि शिक्षकाला अखेरपर्यंत वाचता येईल इतकी. या दोहोंपलीकडे जे लिहविले जाते, त्यातून मुलाला नकलण्याचाच सराव होतो. आणि ती सवय पुढे विद्यापीठापर्यंत त्याच्याबरोबर येते.